पूर्वज कुठे गेले? ख्रिस्तपुराणाच्या काळातला एक प्रश्न

सिकंदराबादेत माझे एक जुने सहकारी राहतात. मूळचे गोव्यातल्या साष्टीचे, कॅथलिक. आमची नोकरी एकाच कारखान्यात गेली. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी मला जेवायला बोलावलं, पण ते लग्नाचं जेवण नव्हतं. घराण्यातल्या मृतांच्या नावाने गोरगरिबांना पंगत होती. गोव्याकडे याला भिकाऱ्यांचं जेवण म्हणतात आणि ते झाल्याशिवाय लग्नाला हात लावत नाहीत. मी म्हटलं, अहो, हा तर आमचा पितृपक्षच! ते हसले. म्हणाले, "फरक एवढाच की आमचे पितर सोळाव्या शतकापाशी थांबतात. त्याच्या मागचे कुठे गेले, ते लहानपणी एका पाद्रींना विचारलं होतं. उत्तराऐवजी कान पिळून मिळाला."

मी शिक्षणाने इंजिनियर, धर्मशास्त्री नव्हे. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. शोधायला लागलो तर लक्षात आलं की तो चारशे वर्षांहून जुना आहे, आणि तो ज्या ठिकाणी, ज्या माणसांपुढे उभा राहिला त्यात मराठीचा मोठा वाटा आहे.

आधी त्या काळचं शास्त्र काय होतं ते पाहू. आदामाच्या पापाचा वाटा प्रत्येक माणूस जन्मतः घेऊन येतो, आणि बाप्तिस्म्याने तो धुतला जातो. पुढे स्वतः केलेल्या पापांचे दोन प्रकार. क्षुल्लक पाप देवाशी असलेलं नातं कमजोर करतं, घोर पाप ते तोडतं. घोर पापात, पश्चात्तापाविना मेला तो नरकात. नातं शाबूत पण डाग बाकी, तो शुद्धिस्थानात. तिथून सुटका नक्की, फक्त वेळ लागतो. जिवंत माणसांच्या प्रार्थनेने आणि दानधर्माने ती लवकर होते. माझ्या मित्राच्या पंगतीचा शास्त्राधार हाच. याखेरीज पाताळात आणखी दोन कप्पे मानलेले होते. एक बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बालकांचा, म्हणजे लिंबो. दुसरा अब्राहाम, मोशे वगैरे ख्रिस्ताआधीच्या सज्जनांचा. ख्रिस्ताने मरणानंतर तिथे उतरून त्यांना सोडवलं, त्यामुळे तो आता रिकामा.

या नकाशात साष्टीच्या गावकऱ्याचा आजोबा कुठे बसतो? कुठेच नाही, किंवा थेट तळाला. १४४२ साली फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने स्पष्टच लिहून ठेवलं होतं की मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटीर हे मरणाआधी चर्चमध्ये आले नाहीत तर अक्षय अग्नीतच जाणार.

हे शास्त्र घेऊन पाद्री पूर्वेकडे आले. सेंट फ्रान्सिस झेवियरने १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. जपानातल्या नवख्रिस्तींना सर्वांत मोठं दुःख कशाचं, तर आपले मेलेले आईबाप नरकातून कधीच सुटणार नाहीत याचं. ते रडत. त्यांचं रडणं पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, असं झेवियर लिहितो. पण उत्तर बदलत नाही. मला हे पत्र वाचताना झेवियरचा राग आला नाही. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता, म्हणून तर तो एवढी समुद्रं ओलांडत होता.

आता गोव्यात या. साष्टीत १५६७ साली देवळं पाडली गेली, ती शेकड्यांनी. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांच्यातला रुदोल्फ आक्वाव्हिवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतलेला. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. त्या पाच जेझुइटांची प्रेतं मिळवण्याच्या कामी जो माणूस होता, तोच पुढे ख्रिस्तपुराण लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स.

हा माणूस इंग्रज. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात पोहोचला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तिथेच राहिला. त्याच्या स्वतःच्या देशात तेव्हा कॅथलिक असणं धोक्याचं होतं. त्याचा मित्र थॉमस पाउंड धर्मापायी कित्येक वर्षं तुरुंगात सडला. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक एकमेकांना नरकात पाठवत होते, तेही एकाच बायबलच्या आधारावर. म्हणजे 'बाहेरचा' ठरणं म्हणजे काय हे स्टीफन्सला घरूनच माहीत होतं.

१६१६ साली रायतूरला त्याचा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, मध्ये कोकणीची पेरणी. जुनी आवृत्ती आज हाती नाही. शांताराम बंडेलूंनी १९५६ साली पुण्यातून काढलेली देवनागरी आवृत्ती आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींपुढे गाऱ्हाणं मांडतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या. यात मागणी पुस्तकाची आहे, पण माझ्या मते बोच वेगळी आहे. पुराण म्हणजे नुसती गोष्ट नव्हे, पुराण म्हणजे वंशावळ. पुराण गेलं की पूर्वजही गेले. म्हणूनच की काय, स्टीफन्स ख्रिस्तजन्मापासून सुरू करत नाही. त्याचं पहिलं पुराण सगळं जुन्या कराराचं आहे, सृष्टी, आदाम आणि पुढच्या पिढ्या. त्याने साष्टीकरांना नवे पूर्वज दिले.

शब्द मात्र जुनेच ठेवले. स्वर्गाला वैकुंठ, तारणाला मुक्ती. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत नरक म्हणजे आजही यमकोंड. यम काही सुटला नाही. सर्वांत चटका लावणारा शब्द देवचार. गोव्याच्या गावांत देवचार हा राखणदार, रात्री काठी घेऊन वेशीवर फिरणारा. ख्रिस्ती भाषेत तोच सैतान झाला. आजोबा ज्याला नारळ ठेवत, तो नातवाच्या शिकवणीत नरकाचा राजा! एका शब्दात दोन पिढ्यांची ताटातूट झाली.

पुढची कथा मी लवकर सांगतो, कारण ती रोममध्ये घडते. चर्चने फ्लोरेन्सचं वाक्य कधी खोडलं नाही. 'चर्चबाहेर तारण नाही' हे सूत्र तसंच राहिलं. 'बाहेर' म्हणजे कोण, याची व्याख्या हळूहळू बदलली. आम्हा इंजिनियर लोकांना ही युक्ती ओळखीची आहे. बाप्तिस्म्याची नुसती मनापासून इच्छाही पुरू शकते, असं ट्रेंटच्या परिषदेनेच मान्य केलं होतं. १८६३ साली नवव्या पायस पोपने लिहिलं की ज्याचं अज्ञान त्याच्या स्वतःच्या दोषाने नाही आणि जो सचोटीने जगतो, त्याला देव कायमची शिक्षा देणार नाही. पुढे काही वर्षांतच आपल्या गनफाउंड्रीचं सेंट जोसेफ कॅथेड्रल उभं राहिलं, इटालियन मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली. त्यांच्याजवळ झेवियरपेक्षा मऊ उत्तर होतं. ते वेदीवरून किती बोललं जायचं, ही वेगळी गोष्ट.

मग २१ नोव्हेंबर १९६४. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'लुमेन जेन्टियम' या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदात हे उघड शब्दांत आलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे सदसद्विवेकाप्रमाणे चालतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. दोन आठवड्यांच्या आत सहावे पॉल मुंबईला आले आणि इतर धर्मीयांपुढे बोलताना त्यांनी उपनिषदातली 'असतो मा' ही प्रार्थना उद्धृत केली. २००७ मध्ये लिंबोची पाळी आली. व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने सांगितलं की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चर्च संतांची यादी ठेवतं, म्हणजे अमुक माणूस स्वर्गात आहे असं जाहीर करतं. नरकात कोण आहे याची यादी मात्र त्याने कधीच केली नाही. यहूदाचंही नाव अधिकृतपणे घातलेलं नाही. नोंदवही एकाच बाजूची.

(हैदराबादकरांनी अशी नोंदवही कधी उघडलीच नाही म्हणा. निजामाचा फ्रेंच सेनानी रेमंड १७९८ मध्ये वारला. सरूरनगरकडच्या टेकडीवर त्याच्या थडग्यापाशी दिवे लागत राहिले. हिंदूंनी त्याला मूसा राम केलं, मुसलमानांनी मूसा रहीम.)

हे सगळं टिपण काढून मी मित्राला वाचून दाखवलं, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी. नारायणगुड्याच्या दफनभूमीत ते आईवडिलांच्या कबरीवरचं गवत काढत होते. कुंकळ्ळीच्या ठिकाणी त्यांनी मला थांबवलं, तो भाग परत वाचायला लावला. लुमेन जेन्टियमवर काही बोलले नाहीत. मेणबत्त्या लावून झाल्यावर पिशवीत एक उरली होती. ती त्यांनी कुठल्याच कबरीवर न लावता, वाटेच्या कडेला दगडावर लावली आणि वारा लागू नये म्हणून बराच वेळ हात आडवा धरून बसले.