ओस पेठेचा कौल

कापडे बुद्रुक हे पोलादपूर तालुक्यातील गाव. तेथला मनुष्य 'बाजारला जातो' असे म्हणाला, की पोलादपूर किंवा महाड हाच त्याचा अर्थ. आमच्या वर्गात त्या बाजूच्या वाड्यांतून येणारे विद्यार्थी असतात. स्थलवर्णन शिकवताना आम्ही त्यांना महाडच्या जुन्या पेठेवर चार पाने लिहून आणण्यास सांगितले. बहुतेकांनी एकच चित्र आणले : खाली ओढलेले शटर, वर माडीची बंद खिडकी, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ. एका विद्यार्थिनीने शेवटी विचारले होते, 'ही पेठ पुन्हा वसवायची कशी?' अशा प्रसंगी सर्रास वापरला जाणारा 'विकास' हा शब्द तिने टाळला आणि 'वसवणे' हे जुने क्रियापद घेतले. प्रस्तुत लेखाचे निमित्त ते क्रियापद आहे.

महाडची पेठ वसली ती पाण्याच्या आणि घाटाच्या बळावर. सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाशी असलेल्या या गावापर्यंत भरतीबरोबर गलबते येत. मीठ, मासळी, नारळ येथून बैलांच्या पाठीवर वरंध्यासारख्या घाटांनी देशावर चढे आणि देशावरचे धान्य खाली उतरे. गावाजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी या वर्दळीचे प्राचीनत्व सांगतात. रायगड राजधानी झाला तेव्हा हीच त्याच्या पायथ्याकडची मोठी पेठ होती. १७९६ साली नाना फडणवीस येथे मुक्कामाला असताना निजामाशी झालेला करार 'महाडचा तह' म्हणून ओळखला जातो. १८६६ साली येथे नगरपालिका स्थापन झाली.

ज्या वाटांनी पेठ वसली, त्या वाटा बदलल्या तशी ती विरळ होत गेली. आगबोटी महाडपर्यंत न येता खाली दासगावच्या बंदराला लागत. पुढे मोटाररस्त्याने बंदराचे महत्त्वच संपवले. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि १९९८ साली संपूर्ण मार्ग खुला झाला. पण रेल्वे तालुक्यातून गेली, शहरात शिरली नाही. दरम्यान गावोगावचा तरुण मुंबईला गेला होता. कापड्यासारख्या गावांतून महाडच्या दुकानांत येणारा पैसा बराचसा मनीऑर्डरीचा होता. १९८२च्या गिरणी संपाने त्या पैशाचा एक मोठा झरा आटवला. उरला तो गणपती आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांचा हंगामी बाजार.

२२ जुलै २०२१ रोजी महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळल्या. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच दिवशी उद्ध्वस्त झाले. त्यानंतर काही फळ्या पुन्हा उघडल्या, काही उघडल्या नाहीत.

ओस पेठ वसवण्याचा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. लढाया, दुष्काळ आणि लुटी यांनी पेठा वारंवार उजाड होत. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केलेला पुण्याचा कसबा शहाजीराजांच्या जहागिरीत पुन्हा वसवला गेला, हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी उपयोगी पडणारे साधन म्हणजे कौल. सरकार उदम्याला लेखी अभय देई : अमुक वर्षे मोहतर्फा माफ, पुढे तो क्रमाक्रमाने वाढत जाईल, वेठबेगार लागणार नाही. जमिनीच्या बाबतीत या चढत्या आकारणीला 'इस्तावा' म्हणत. पेठेची जबाबदारी शेटे आणि महाजन या वतनदारांवर असे. व्यापारी आणून वसवणे हे त्यांचे कर्तव्य आणि दुकानामागे ठरलेला हक्क हा त्याचा मोबदला. पेठ भरली तर शेट्याचे घर भरे. या व्यवस्थेत इमारतीचा उल्लेख दुय्यम आहे. आधी माणसाला भरवसा द्यायचा, घर तो स्वतः बांधतो, असा तिचा हिशेब होता.

मात्र हा भरवसा सर्वांसाठी नव्हता, आणि महाडच्या पेठेविषयी बोलताना ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही. रा. ब. मोरे यांच्या आत्मकथनात या बाजाराचे दर्शन घडते. खेड्यांतून येणाऱ्या अस्पृश्य माणसाला येथे माल विकता-विकत घेता येई, पण तहान लागली तर पाणी मिळत नसे. म्हणून त्यांच्यासाठी पेठेत चहाचे एक दुकान निघाले. तेथे माणसे टेकू लागली, गाऱ्हाणी सांगू लागली, अर्ज लिहून घेऊ लागली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची पूर्वतयारी अशा बैठकींतून झाली आहे.

नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण ठरावाने बाजार बदलला नाही. मार्च १९२७च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक याच बाजारपेठेतून तळ्याकडे गेली. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा मोटारवाले नेण्यास नकार देतील या शंकेने बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तेथून चालत महाडला आले. मंडपाला जागा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. स्थानिक व्यापारी माल देत नव्हते, म्हणून शिधा आधीच जमवून ठेवावा लागला. म्हणजे भरलेली पेठही काही माणसांपुरती ओसच असते. तळ्यावरचा हक्क कोर्टात निर्विवाद होण्यास १९३७ साल उजाडले.

हे दोन्ही इतिहास एकत्र वाचले की विद्यार्थिनीच्या प्रश्नाला थोडेफार उत्तर सापडते. दर्शनी भिंती रंगवून, दिवे लावून पेठ वसत नाही. बंद दुकानांची आम्ही जमेल तेवढी विचारपूस केली. मिळकतपत्रिकेवर अनेक वारसांची नावे, त्यातले निम्मे मुंबईला, दुरुस्तीला पैसा कोणी घालावा यावर एकमत नाही, आणि पुढच्या पावसाची धास्ती, असेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळाले. येथे जुन्या कौलाचे तत्त्व उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते. जो बंद गाळा उघडेल त्याला काही वर्षे घरपट्टीत सूट आणि मग चढती आकारणी; वारसांना एकत्र बसवण्याची जबाबदारी कोणा एकावर; आणि सर्वांत आधी नदीतला गाळ व पूररेषा यांविषयीचे लेखी अभय. पुराची खात्री नसेल तर कोणताही उदमी माल भरणार नाही.

परंतु नवा कौल जुन्यासारखा निवडक असता कामा नये. रिकामा गाळा कापड्याच्या भाजीवालीला, बचत गटाला, कातकरी मध विक्रेत्याला परवडणाऱ्या भाड्याने मिळणार काय, आणि तेथे तिला प्यायला पाणी, बसायला बाकडे मिळणार काय, हे पाहावे लागेल. सुशोभित पेठेतून हीच माणसे प्रथम उठवली जातात, हा अनुभव अन्यत्रचा आहे.

त्या विद्यार्थिनीच्या पानांवर आम्ही शेरा लिहिला : 'प्रश्न योग्य. आता पेठेतले ते चहाचे दुकान कोठे होते, ते शोधून ये.' ती दोनदा जाऊन आली. जागा अजून सापडलेली नाही. विचारायला गेली तेव्हा मात्र एका म्हाताऱ्या दुकानदाराने तिच्यासाठी बंद गाळ्याचे दार उघडले, आणि आत बसवून तांब्याभर पाणी दिले.