दुचाकीचा अपघात: हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट नेमके काय वाचवतात?

काशीमीरा नाका हे मीरा-भाईंदरचे महामार्गावरचे प्रवेशद्वार. दहिसरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ येथून वर्सोवा पुलाकडे आणि पुढे गुजरातकडे जातो. थोडे पुढे गेले की फाउंटन हॉटेलजवळ घोडबंदर रस्ता ठाण्याकडे वळतो. कंटेनर, ट्रेलर, बस, रिक्षा आणि मीरा रोड स्टेशनकडे निघालेल्या दुचाकी या सगळ्यांची गर्दी एकाच ठिकाणी होते. त्यात पावसाळ्यातले खड्डे आले. अशा रस्त्यावर दुचाकीस्वाराच्या शरीराभोवती गाडीचा पत्रा नसतो, सीटबेल्ट नसतो, एअरबॅगही नसते. त्याचे संरक्षण म्हणजे त्याने अंगावर जे घातले असेल तेवढेच.

हा प्रश्न किती मोठा आहे?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यात ३५,६९२ चालक होते आणि १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणजे हेल्मेट हा फक्त चालवणाऱ्याचा विषय नाही.

मुंबईतले एक उदाहरण अनेकांना माहीत असेल. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर एक दुचाकी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळली. चालवणाऱ्या तरुणाने हेल्मेट घातले होते, तो वाचला. मागे बसलेल्या १६ वर्षांच्या चुलतभावाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, त्याचा डोक्याच्या दुखापतीने मृत्यू झाला. त्या मुलाचे वडील दादाराव बिल्होरे तेव्हापासून स्वतःच्या हातांनी मुंबईतले खड्डे बुजवत आले आहेत. गाडी एक, खड्डा एक, पण दोघांच्या डोक्यावर जे होते ते वेगळे होते.

डोक्याला मार लागतो तेव्हा आत काय होते?

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके रस्त्यावर आदळून एकदम थांबते, पण मेंदू पुढे जात राहतो आणि कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो. त्यामुळे मेंदूला सूज येते, त्यातले बारीक तंतू ताणले जातात किंवा रक्तवाहिनी फुटून आत गाठ तयार होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने डोके एखाद्या कठड्यावर थेट आदळले तर तो मार सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. म्हणून ‘मी हळू चालवतो’ किंवा ‘भाजी आणायलाच तर जातोय’ हे कारण पुरेसे नाही.

हेल्मेट कसे काम करते?

- बाहेरचे कठीण कवच मार एका बिंदूवर न ठेवता मोठ्या भागावर पसरवते.
- आतला थर्मोकोलसारखा जाड थर चेपला जातो. त्यामुळे डोके थांबायला काही क्षण जास्त मिळतात आणि मेंदूपर्यंत पोहोचणारा झटका कमी होतो.
- हनुवटीखालचा पट्टा हेल्मेट डोक्यावर टिकवून ठेवतो. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यात उडून जाते.

जगभरातल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हेल्मेट घेताना काय पाहावे?

- आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस ४१५१’ हे मानक. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. रस्त्याकडेला मिळणारी पातळ टोपी दंड वाचवेल, डोके नाही.
- शक्यतो संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्यावे. जबडा, दात आणि नाक यांचे संरक्षण अर्ध्या हेल्मेटने होत नाही.
- पट्टा लावून डोके हलवल्यावर हेल्मेट फिरता कामा नये.
- एकदा जोराने आदळलेले हेल्मेट बदलावे. बाहेरून तडा दिसला नाही तरी आतला थर चेपलेला असू शकतो.

‘हेल्मेटमुळे मान मोडते’ अशी भीती बरेच रुग्ण बोलून दाखवतात. अभ्यासांत तसे दिसलेले नाही. घामाचा त्रास होत असेल तर आत पातळ सुती टोपी घालावी आणि अस्तर नियमित धुवावे.

जॅकेट, हातमोजे, पँट, बूट: त्यांचा खरा उपयोग किती?

पडल्यावर दुचाकीस्वार डांबरावर घासत जातो. साधा शर्ट किंवा जीन्स क्षणात फाटते आणि मग त्वचा घासली जाते. खोल जखमेवर दुसरीकडची त्वचा लावावी लागते. पडताना हात आपोआप पुढे जातात, म्हणून तळहात आणि मनगट सर्वांत आधी सापडतात. तळहात सोलवटलेला माणूस काही आठवडे स्वतःच्या हाताने जेवूही शकत नाही.

ऑस्ट्रेलियात २१२ अपघातग्रस्त दुचाकीस्वारांच्या अभ्यासात असे दिसले की दुचाकीसाठीचे जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता सुमारे २१ टक्के कमी होती. खास पँट घातलेल्यांत ती सुमारे ५१ टक्के आणि हातमोजे घातलेल्यांत सुमारे ५९ टक्के कमी होती. मात्र त्याच अभ्यासात जवळजवळ चारातले एक हातमोजे किंवा पँट अपघातात टिकली नाही, म्हणून शिवण आणि दर्जा पाहूनच घ्यावे. खांदा, कोपर आणि गुडघ्यावरच्या संरक्षक पॅडवर ‘ईएन १६२१’ आणि कपड्यावर ‘ईएन १७०९२’ हे युरोपीय मानक लिहिलेले असते.

या साधनांना मर्यादाही आहे. कंटेनरच्या चाकाखाली आल्यास कोणतेही जॅकेट वाचवू शकत नाही. पॅडमुळे जखम आणि मुका मार कमी होतो, पण जोराच्या धडकेत हाड मोडायचे ते मोडतेच.

बजेट कमी असेल तर क्रम कसा ठेवावा?

१. चालक आणि मागे बसणारा, दोघांसाठी चांगली हेल्मेट.
२. तळहातावर जाड थर असलेले हातमोजे.
३. घोटा झाकणारे बूट. दुचाकीचे खास बूट नसले तरी साधे उंच बूट चप्पल-सँडलपेक्षा कितीतरी बरे.
४. जाळीचे, पॅड असलेले जॅकेट. कोकणपट्टीच्या उकाड्यात तेच अंगावर राहते.
५. गुडघ्याचे पॅड किंवा पॅडची पँट.

साडी किंवा ओढणी चाकात अडकून मानेला गंभीर इजा होऊ शकते. पदर आणि ओढणी खोचून घ्यावी, साडीगार्ड काढून टाकू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा लागतो, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी ठेवावा लागतो.

अपघात झाल्यास काय करावे?

- आधी मागून येणारी वाहने थांबवा, मग १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. ११२ आणि महामार्गावर १०३३ हे क्रमांकही चालतात.
- जखमी व्यक्तीला उठवून बसवू नका, चालवू नका. मान आणि पाठ सरळ ठेवा. दुमडून रिक्षात घालण्याने मणक्याची इजा वाढू शकते.
- श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, फक्त काच वर करा. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तर एकाने मान व जबडा स्थिर धरावा आणि दुसऱ्याने हळूच हेल्मेट काढावे.
- वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.
- पाणी, चहा, गोळी तोंडाने काहीही देऊ नका. शस्त्रक्रिया लागू शकते.

मदत करणाऱ्याला कलम १३४अ नुसार कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. केंद्राच्या २०२५ च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. दाखल करताना नातेवाइकांनी याची चौकशी जरूर करावी.

घरी आल्यावरही सावध राहा

‘उठला, बोलला, चालत घरी आला’ म्हणजे सगळे ठीक आहे असे नाही. कवटीच्या आतला रक्तस्राव काही तासांनी वाढू शकतो. डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीला पहिले २४ ते ४८ तास एकटे ठेवू नये. पुढीलपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात न्यावे:

- थोडा वेळही शुद्ध हरपणे किंवा अपघाताचा प्रसंग न आठवणे
- वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी
- जास्त गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका येणे
- नाक-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे
- एक बाहुली मोठी दिसणे, हातापायाची ताकद कमी होणे
- पोट दुखणे, चेहरा पांढरा पडणे, चक्कर येणे: हँडल लागून प्लीहा किंवा यकृत फाटले असू शकते
- मोडलेल्या पायात वाढत जाणारी असह्य वेदना, पाय ताठरणे किंवा बधिर होणे

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी डोक्याला किरकोळ मार लागला तरी तपासून घ्यावे. प्रत्येक जखमेसाठी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

खांद्यावर पडल्यानंतर हात उचलता येत नसेल तर ‘मुका मार आहे, बरा होईल’ म्हणून थांबू नये. मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे ताणले किंवा तुटले असू शकते. अशा रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांतच तज्ज्ञांना दाखवावे, कारण शस्त्रक्रिया लागल्यास ती साधारण सहा महिन्यांच्या आत करणे फायद्याचे असते. उशीर झाला तर स्नायू वाळतात आणि नंतर मज्जातंतू जोडूनही हातात ताकद येत नाही.

थोडक्यात

रस्त्यावरचा खड्डा किंवा वळणावर दाबत येणारा कंटेनर आपल्या हातात नाही. हेल्मेटचा पट्टा लावणे मात्र आपल्या हातात आहे. घरात दुचाकी एक असली तरी हेल्मेट दोन हवीत, आणि मागे बसणाऱ्याचे हेल्मेटही चालवणाऱ्याच्या हेल्मेटइतकेच चांगले हवे.