पॅरिसच्या तहातील लाल रेघ

30 नोव्हेंबर 1782 रोजी पॅरिसमध्ये ब्रिटनतर्फे रिचर्ड ऑस्वल्ड यांनी, तर अमेरिकेतर्फे फ्रँकलिन, ॲडम्स, जे आणि लॉरेन्स यांनी तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या केल्या. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला ब्रिटिश सैन्याने पत्करलेल्या शरणागतीला तेरा महिने उलटले होते. सरहद्दीच्या कलमानुसार सेंट क्रॉय नदीच्या उगमापासून सरळ उत्तरेकडे डोंगररांगेपर्यंत जायचे आणि तिथून सेंट लॉरेन्स व अटलांटिक यांना मिळणाऱ्या नद्यांमधला जलविभाजक धरायचा. 3 सप्टेंबर 1783 च्या अंतिम तहातही हाच आशय राहिला. तहाला नकाशा मात्र जोडलेला नव्हता. त्यामुळे कोणती डोंगररांग, यावर पुढे साठ वर्षे वाद चालला.

वाटाघाटीत नकाशा समोर होता, हे निश्चित आहे. 8 एप्रिल 1790 रोजी, मृत्यूच्या नऊ दिवस आधी, फ्रँकलिन यांनी जेफरसन यांना लिहिले की इंग्रज वकिलांनी आणलेला मिचेलचा नकाशा वापरला गेला होता. मिचेलचा नकाशा 1755 चा. फ्रँकलिन यांची खात्री स्पष्ट असली, तरी हे साडेसात वर्षांनंतरच्या आठवणीवरचे विधान आहे.

दुसरे पत्र मात्र ऐन त्या काळातले आहे. 6 डिसेंबर 1782 रोजी, म्हणजे सह्यांनंतर सहाव्या दिवशी, फ्रँकलिन यांनी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हर्जेन यांना, त्यांनीच आदल्या दिवशी पाठवलेला नकाशा परत केला. त्यावर अमेरिकेच्या सीमा ठळक लाल रेघेने दाखवल्याचे ते कळवतात. नकाशा कोणाचा, हे पत्रात नाही. सगळा घोळ या एका अनुल्लेखातून झाला.

या पत्राचा धागा धरून इतिहासकार जॅरेड स्पार्क्स यांनी पॅरिसच्या दफ्तरात शोध घेतला, तेव्हा त्यांना द'आनव्हिल यांचा 1746 चा नकाशा मिळाला. त्यावर ठळक लाल रेघ होती. ती सेंट जॉन नदीच्या दक्षिणेकडून जात होती, म्हणजे ब्रिटनच्या दाव्याला पोषक. फेब्रुवारी 1842 मध्ये स्पार्क्स यांनी हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेबस्टर यांना कळवले आणि मेन या सीमेवरच्या अमेरिकी राज्याच्या नकाशावर ती रेघ आठवणीने काळ्या शाईत काढून पाठवली. मेनच्या पुढाऱ्यांना तडजोडीला राजी करण्यासाठी वेबस्टर यांनी हा पुरावा वापरला. 9 ऑगस्ट 1842 रोजी ब्रिटनचे प्रतिनिधी ॲशबर्टन यांच्याबरोबर करार झाला. सुमारे 12,000 चौरस मैलांच्या वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे 7,000 अमेरिकेला मिळाले.

पत्र आणि नकाशा दोन्ही अस्सल आहेत, पण त्यांचा संबंध हे केवळ अनुमान आहे. लाल शाईने रेघ मारणारे फ्रँकलिन एकटेच नव्हते.

1843 मध्ये दोन नकाशे उजेडात आले. पहिला ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याच्या संग्रहातला, मिचेलचाच. त्यावरील लाल रेघेलगत, 'ऑस्वल्ड यांनी वर्णिल्याप्रमाणे सीमा' अशा अर्थाचा शेरा हाताने लिहिला आहे, तोही अनेक ठिकाणी. ही रेघ अमेरिकेच्या दाव्याशी जुळते. दुसरा नकाशाही मिचेलचा, जे यांच्या कागदपत्रांतला. पण त्यावर ऑस्वल्ड यांच्या नावाची रेघ सेंट जॉन नदीच्या काठाने जाते.

दोन्हींवर ऑस्वल्ड यांचेच नाव आणि रेघा मात्र वेगळ्या! उलगडा मसुद्यांच्या तारखांत आहे. ऑक्टोबर 1782 च्या पहिल्या मसुद्यात सीमा सेंट जॉनवरच होती. लंडनने तो मसुदा नाकारला आणि नोव्हेंबरात ती सेंट क्रॉयवर आली. जे यांचा नकाशा बहुधा त्या नाकारलेल्या टप्प्याचा; राजाच्या नकाशावरची रेघ सही झालेल्या कलमांशी जुळते. म्हणून माझ्या मते तोच सर्वांत भरवशाचा साक्षीदार, आणि ब्रिटनच्या दाव्याविरुद्ध तो ब्रिटनच्याच कपाटातून निघाला, हे त्याचे वजन वाढवणारे आहे.

1937 मध्ये मार्टिन आणि बेमिस या अभ्यासकांनी माद्रिदच्या दफ्तरातील नकाशाच्या आधारे, फ्रँकलिन यांनी रेघ मारलेला नकाशाही मिचेलचाच होता, असे मांडले. तसे असेल तर स्पार्क्स यांना मिळालेली रेघ कोणी दुसऱ्याने, दुसऱ्याच हेतूने मारली होती. 1842 ची सरहद्द मात्र तोवर दोन्ही देशांनी कधीच मान्य केली होती आणि ती आजही तशीच आहे.