घाटाखालचे चौदा दिवस

कर्जत स्टेशनावर पुण्याकडे जाणारी गाडी अंमळ अधिक वेळ थांबते. पुढें बोरघाट चढावयाचा असतो, म्हणून बहुतेक गाड्यांना मागून इंजिनें जोडावीं लागतात. तेवढ्या अवकाशांत उतारू खालीं उतरून वडे घेतात आणि घाटाच्या काळ्या भिंतीकडे एकवार पाहून पुन्हा डब्यांत शिरतात. आजच्या भाषणाचा विषय रक्तांतील एका अतिसूक्ष्म द्रव्याचा आहे. तरीहि त्याचा आरंभ मी ह्या स्टेशनापासून करतों, कारण त्या द्रव्याच्या इतिहासांतील दोन प्रसंग, एकमेकांपासून १२४ वर्षांच्या अंतरानें, ह्याच लोहमार्गावर घडले आहेत.

त्यांतला अलीकडचा प्रसंग आधीं सांगतों. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें मुंबईच्या लोकल गाड्या सामान्य उतारूंस बंद झाल्या. मधले कांहीं आठवडे सोडले, तर त्या दीर्घकाळ बंदच होत्या. पुढें १५ ऑगस्ट २०२१ पासून सरकारनें त्या पुन्हा खुल्या केल्या, पण अट अशी घातली कीं, लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असाव्या आणि दुसरी घेऊन चौदा दिवस लोटलेले असावे. कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांतील कितीतरी घरांचा चरितार्थ कर्जत-खोपोलीच्या लोकलवर चालतो. ज्यांनीं कोविशील्ड टोचून घेतली, त्यांचा हिशेब बोटांवर करून पाहावा. दोन मात्रांमधील अंतर मे महिन्यांत ८४ दिवसांचें ठरलें. म्हणजे १५ ऑगस्टला गाडींत पाय ठेवावयाचा, तर पहिली मात्रा ९ मेच्या आंत मिळावयास हवी होती. अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या मंडळींस लस खुली झाली ती १ मे रोजीं. आणि साठा अपुरा पडल्यामुळें महाराष्ट्रांत त्यांचें लसीकरण १२ मेपासून थांबवावें लागलें! ज्या वयाचीं माणसें कामासाठीं रोज गाडी पकडतात, नेमकीं तींच फलाटाबाहेर राहिलीं. ज्यांना आजार होऊन गेला होता, त्यांच्या रक्तांत त्यावरचें द्रव्य आपोआप तयार झालेलें असे. पण तें दाखवावयास त्यांच्या हातीं लशीचा दाखला नव्हता.

त्या दिवसांत अनेकांच्या तोंडीं एकच प्रश्न होता : लस आज टोचली, तर उद्यां कां चालत नाहीं? चौदा दिवसच कां?

ह्याच्या उत्तरासाठीं घाट चढून लोणावळ्यास जावें लागतें, आणि तेंहि १८९७ सालच्या पावसाळ्यांत. आदल्या वर्षीं, सप्टेंबर १८९६ मध्यें, मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला होता. लोक मिळेल त्या गाडीनें शहर सोडूं लागले, आणि रोगहि त्यांच्याबरोबर गांवोगांव पोंचला. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकीन हे कलकत्त्याहून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतल्या लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगचे जंतु रश्श्यांत वाढविले, ते उष्णतेनें मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. पुढें लोणावळ्यांत सांथ शिरली, तेव्हां गांवाच्या सर्वांत पीडित भागांत ज्यांची इच्छा होती त्यांना लस देण्यांत आली. टोचलेल्या ३२३ जणांपैकीं ७ दगावले. न टोचलेल्या ३७७ जणांपैकीं ५७.

आजच्या शास्त्राच्या कसोटीस हा प्रयोग पुरता उतरणार नाहीं. कोणास टोचावें हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें नव्हतें. जे आपण होऊन पुढें आले ते कदाचित् इतर बाबतींतहि अधिक जपणारे असतील. तरीहि सात आणि सत्तावन्न ह्यांमधील अंतर केवळ स्वभावभेदानें पडेल, हें माझ्या मनास पटत नाहीं. लस घेणाऱ्यास दाखला मिळे, आणि तो जवळ असला म्हणजे पुढें प्लेगच्या कांहीं जाचक निर्बंधांतून सूटहि मिळे. २०२१ च्या दाखल्याचा हा पणजोबाच म्हणावयाचा.

लोणावळ्याच्या त्या माणसांच्या अंगांत काय घडलें होतें, हें तेव्हां कोणींच डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. एवढें मात्र ठाऊक होतें कीं, १८९० सालीं बेरिंग व किटासाटो यांनीं घटसर्प व धनुर्वात ह्यांच्या विषांवर उतारा ठरणारें कांहींतरी जनावरांच्या रक्तजलांत दाखवून दिलें आहे. त्या 'कांहींतरी'ला आज आपण प्रतिपिंड किंवा अँटिबॉडी म्हणतों. त्याची घडण एडलमन व पोर्टर यांनीं उलगडली आणि त्यांना १९७२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आकार बेचक्यासारखा, दोन टोकें शत्रूस पकडण्यासाठीं आणि दांडा आपल्या भक्षक पेशींस खूण पटविण्यासाठीं.

कोरोनाच्या विषाणूच्या अंगावर कांटे असतात. त्या कांट्यांनीं तो आपल्या नाकाघशांतील व फुप्फुसांतील पेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनास चिकटतो आणि आंत शिरतो. प्रतिपिंडें त्या कांट्यांच्या टोकांवर आधींच बसलीं, कीं त्यास चिकटावयास जागा उरत नाहीं. पण हीं प्रतिपिंडें घडविणारी पांढरी पेशी एकाच ठराविक आकाराचा माल काढते. असे आकार शरीरांत अगणित. कुलूप कोणतें येणार हें ठाऊक नसतांना किल्ल्या आधींच कापून ठेविलेल्या. इतकी विविधता कोठून येते, हें कोडें सोडविल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चें नोबेल मिळालें. नवा विषाणु, किंवा लशींतील त्याची प्रतिमा, अंगांत आली म्हणजे तिला जुळणारी पेशी आधीं सांपडावी लागते, मग तिची संख्या वाढावयाची, तिच्या वंशांतून अधिक घट्ट बसणारीं प्रतिपिंडें निवडलीं जावयाचीं. ह्या खटाटोपास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. दुसऱ्या मात्रेच्या वेळीं स्मृति राखणाऱ्या पेशी तयार असल्यामुळें काम लवकर उरकतें. तरी सरकारनें दोन आठवड्यांची पुरी मुदत धरली.

मग तयार प्रतिपिंडेंच बाहेरून कां देऊं नयेत? हा मोह मोठा जुना आहे. १८९७ मध्येंच येरसँ हे घोड्याच्या रक्तापासून केलेलें प्लेगविरोधी रक्तजल घेऊन मुंबईस आले होते. त्यांच्या पाठोपाठ फ्लॉरेन्सचे लुस्टिग यांचेंहि रक्तजल रुग्णांवर वापरण्यांत आलें. येरसँ यांना चीनमध्यें आशादायक अनुभव आला होता, पण मुंबईनें त्यांची निराशा केली.

तोच मोह २०२० सालीं पुन्हा जागा झाला. बरे झालेल्यांचा प्लाझ्मा आजाऱ्यास द्यावा, अशी कल्पना निघाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर, ह्या वेळीं रीतसर चिठ्ठ्या टाकून, तिची परीक्षा पाहिली. ज्यांना प्लाझ्मा मिळाला त्यांपैकीं १९ टक्के रुग्ण बळावले किंवा दगावले. ज्यांना मिळाला नाहीं त्यांपैकीं १८ टक्के. हा निष्कर्ष २०२० च्या ऑक्टोबरांत छापून आला, आणि तरीहि २०२१ च्या एप्रिलांत लोक मध्यरात्रीं फोनवर प्लाझ्मादाते शोधीत होते. राष्ट्रीय उपचारपद्धतींतून तो मे २०२१ मध्यें वगळण्यांत आला. जवळजवळ सात महिन्यांचा हा विलंब मला आजहि बोंचतो. आप्तांचा जीव कासावीस झालेला असतांना त्यांना नसत्या शोधांत धांवडविणें बरें नव्हे.

प्लाझ्मा उपयोगी कां पडला नाहीं, ह्याचें कारण प्रतिपिंडाच्या स्वभावांत आहे. तें पेशीच्या बाहेर पहारा करतें; विषाणु एकदां पेशींत शिरला, कीं तेथें त्याचा हात पोंचत नाहीं. बाधित पेशींचा निकाल दुसऱ्याच जातीच्या पांढऱ्या पेशी लावतात. रुग्ण इस्पितळांत पोंचेपर्यंत विषाणु बहुधा आंत स्थिरावलेला असतो, आणि पुढचें दुखणें पुष्कळसें शरीराच्या स्वतःच्याच दाहाचें असतें. शिवाय सर्व दात्यांच्या प्लाझ्मांत प्रतिपिंडें सारखीं नसत. कित्येकांत तीं फारच थोडीं होतीं.

लशीनें आलेलीं प्रतिपिंडेंहि कांहीं महिन्यांत ओसरतात. २०२१ अखेर ओमिक्रॉन आला, तो कांट्यांचा आकार बदलूनच. दोन मात्रा घेतलेल्यांनाहि त्याची बाधा झाली. पण बहुतेकांचें दुखणें सौम्य राहिलें, कारण स्मृति राखणाऱ्या पेशी मागें होत्या. एप्रिल २०२२ च्या आरंभीं महाराष्ट्रांतील निर्बंध उठले, आणि कर्जत-खोपोलीच्या तिकिटखिडकीवर लशीचा दाखला मागणें बंद झालें.