कल्याण कॅम्प आणि वैराची घडण

अंबरनाथ पूर्वेच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वालधुनी वाहते. इथून जवळच उल्हासनगरचा कॅम्प नंबर पाच. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ छावणी उभारली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या शहराची कोनशिला बसवली. कॅम्पांचे नंबर मात्र पत्त्यात आजही आहेत.

ही माणसं घरदार सोडून का आली? ‘धर्माचं जुनं वैर’ हे उत्तर सिंधपुरतं तरी तोकडं पडतं. सिंधमधल्या उडेरोलाल इथे एकाच आवारात हिंदूंचं देऊळ आहे आणि मुसलमानांचा दर्गाही. पंजाब पेटला तेव्हा सिंध बराच शांत होता. पण कराची पाकिस्तानची राजधानी झाली आणि भारतातून उखडले गेलेले मुहाजिर तिथे लोंढ्याने पोहोचले. त्यांना छप्पर हवं होतं, आणि घरं होती हिंदूंची. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली, लुटालूट झाली. त्यानंतर मुंबईकडे निघालेल्या जहाजांवर झुंबड उडाली.

टंचाईतून वैर कसं घडतं, हे एका प्रयोगातही दिसलं. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले. शेरीफ मूळचा तुर्कस्तानचा. ग्रीक-तुर्क हिंसाचार त्याने कोवळ्या वयात पाहिलेला. बक्षिसं एकाच गटाला मिळणार म्हटल्यावर, एरवी चांगल्या घरांतली ती मुलं शिवीगाळीवर आणि झेंडे जाळण्यावर आली. पुढे हेन्री ताजफेलने दाखवलं की भांडायला बक्षीसही लागत नाही. क्षुल्लक कारणावरून गट पाडले, तरी माणूस आपल्या गटाला झुकतं माप देतो.

अर्थात शिबिरातली पोरं म्हणजे राष्ट्रं नव्हेत. सीमा आखणारे, सत्ता वाटून घेणारे नेते त्या प्रयोगांत नाहीत, आणि त्यांची जबाबदारी मानसशास्त्रावर ढकलता येणार नाही. तरीही टंचाईत ‘आपले’ आणि ‘परके’ किती झपाट्याने ठरतात, हे कराचीने दाखवलं.

पुढचं उदाहरणही तिथलंच. वैर केवळ धर्माचं असतं, तर हिंदू निघून गेल्यावर शहरात शांतता नांदायला हवी होती. जुलै १९७२ मध्ये सिंध विधानसभेने सिंधी भाषेचं विधेयक मंजूर केलं, आणि उर्दू बोलणारे मुहाजिर व सिंधी एकमेकांवर तुटून पडले. दोघांचा धर्म एकच होता.