पहाटेच्या धुनेची कुळकथा

वरणगावात आयुध निर्माणी आली 1964 मध्ये, आणि तिच्यामागोमाग वसाहत वसली. पहिल्या पाळीला जायचं म्हणजे अंधारातच उठणं आलं. चूल किंवा स्टो पेटायचा आणि रेडिओचा कान पिळला जायचा. आधी नुसता तानपुरा लागायचा, मग त्या सुरावर अलगद उतरणारं व्हायोलिन, आणि धून संपली की वंदे मातरम्. 1976 मध्ये जळगावचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तरी दिवसाची सुरुवात हीच राहिली. आमच्या पिढीत आकाशवाणीची ही धून न ओळखणारा माणूस खानदेशात शोधून सापडायचा नाही. ती कुणी बांधली हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिचं श्रेय जातं वॉल्टर कॉफमन यांच्याकडे. काही जण ठाकूर बलवंतसिंग यांचंही नाव घेतात, पण जाणकारांच्या तोंडी आज कॉफमन यांचंच नाव आहे. ते ज्यू होते. 1907 मध्ये बोहेमियातल्या कार्ल्सबाड गावी जन्मले, बर्लिनला फ्रान्झ श्रेकर यांच्या हाताखाली संगीतरचना शिकले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी अभ्यास केला. प्रबंध तयार होता, पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझी तरुणांच्या गटाचा म्होरक्या असल्याचं कळताच त्यांनी पदवीच नाकारली. हिटलर सत्तेवर येऊन वर्ष झालं होतं. 1934 च्या सुरुवातीला कॉफमन मुंबईच्या बंदरात उतरले.

हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा कानी पडल्या तेव्हा त्यांना त्यातलं काहीच उमगलं नव्हतं. पण ज्या संगीतावर लाखो लोक जीव टाकतात ते वाईट कसं असेल, उणीव आपल्या कानांत असणार, असं त्यांनी ठरवलं आणि ते शिकायला बसले. आपल्याला न कळलेल्या गोष्टीपुढे मान लववणं किती जणांना जमतं? मुंबईत उतरल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन व्हायचं: पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. 1937 ते 1946 ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते.

धून 1930 च्या दशकातली. आधार शिवरंजनीचा: सा, रे, कोमल ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. शुद्ध गंधार लावला की हाच भूप होतो. गंधार एका पायरीने खाली उतरवला की सुरांत हुरहूर भरते. धुनेत व्हायोलिन या पाच सुरांत फिरतं आणि तानपुरा षड्ज सोडत नाही. वाद्य युरोपचं आणि राग इथला, पण जोड कुठे दिसत नाही.

या सुरांत ज्यूंच्या संहाराचा आक्रोश ऐकू येतो, असं लिहिणं सोपं आहे. मला ते पटत नाही. धून बांधली गेली तेव्हा छळ सुरू झाला होता, पण संहार अजून व्हायचा होता. तो झाला तेव्हा मात्र घराच्या उंबऱ्याशी येऊन भिडला. कॉफमन यांच्या पहिल्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची, त्यांच्या बहीण एली यांच्या कन्या. काफ्कांच्या एली, वाली आणि ओटला या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून मेल्या. खुद्द कॉफमन वाचले ते वेळेवर बोटीत बसले म्हणून. पुढे त्यांनी कॅनडात विनिपेगचा वाद्यवृंद उभा केला, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवलं, उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि 1984 मध्ये ते वारले.

गेलेल्यांना सुरांत धरून ठेवायची रीत महाराष्ट्रातल्या ज्यूंकडे जुनीच आहे. नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असं बेने इस्रायली सांगतात. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायलींनी आपल्याच मराठी कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात योसेफ, मोशे यांची आख्यानं लावली. मलिद्याच्या ताटाभोवती बसून आजही एलियाहू नबीचं गाणं म्हणतात. बापाकडून मुलाकडे, आजीकडून नातीकडे हे असंच आलं. युरोपातल्या कितीतरी घरांत मात्र गाणं पुढे द्यायला कुणी उरलंच नाही. म्हणून त्यांच्या वतीने परकी माणसं ते काम करतात. टोरांटोच्या एआरसी आँसाम्बल या वादकांनी देशोधडीला लागलेल्या संगीतकारांच्या रचना शोधून वाजवायचं व्रत घेतलं आहे. 2020 मध्ये त्यांनी कॉफमन यांच्या रचनांचं ध्वनिमुद्रण बाहेर आणलं.

आपल्याला शोधायलाही जावं लागत नाही, धून आपल्या घरातच आहे. 27 जानेवारी हा ज्यूंच्या त्या संहारातल्या बळींचा जागतिक स्मृतिदिन. त्या पहाटे जळगाव केंद्राच्या निवेदकाने धुनेआधी एक वाक्य बोलावं: ही धून वॉल्टर कॉफमन यांची, ते युरोपातून जीव वाचवायला मुंबईत आले होते. असं पत्र मी केंद्राला धाडतो आहे. ज्यांनी ही धून ऐकत डबे भरले, पाळ्या केल्या, त्यांनीही धाडावं.