रस्ता वितळला, मग गोटे आले

मागच्या भागात अलास्काच्या तेल पाइपलाइनचा विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं होतं की तेलापेक्षा तिथल्या गोट्यांची गोष्ट भारी आहे. आज तीच. वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

१९६८ साली अलास्काच्या उत्तर टोकाला, प्रुडो बे इथे प्रचंड तेल सापडलं. तिथवर रस्ताच नव्हता. गव्हर्नर वॉल्टर हिकेल यांनी त्याच हिवाळ्यात बुलडोझर धाडले. वाटेतला बर्फ, शेवाळ, झुडपं, सगळं खरवडून रस्ता काढला. थंडीत तो दगडासारखा कडक होता, ट्रक गेलेसुद्धा. पण त्या शेवाळाखाली पर्माफ्रॉस्ट होता, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. शेवाळ ही तिची गोधडी. गोधडी ओढून घेतली, उन्हाळा आला, जमीन वितळून खचली आणि रस्त्याचा पाण्याने भरलेला चर झाला. तोवर हिकेलसाहेब वॉशिंग्टनला मंत्री होऊन गेले होते. खातं कोणतं? देशाच्या सरकारी जमिनी सांभाळायचं!

पुढच्या वेळी इंजिनिअरांनी उलटं केलं. जमीन खरवडायची नाही, तिच्यावर गोट्यांचा आणि जाड रेतीचा, म्हणजे ग्रॅव्हलचा, तीन ते सहा फूट थर टाकायचा. खालची जमीन गोठलेलीच राहते. १९७४ मध्ये युकॉन नदीपासून प्रुडो बेपर्यंतचा साडेपाचशे किलोमीटरहून लांब रस्ता असा १५४ दिवसांत झाला. आज तो डाल्टन हायवे. डोकेबाज काम, यात वाद नाही.

पण एवढं ग्रॅव्हल आणायचं कुठून? बरंचसं आलं नद्यांच्या पात्रांतून आणि काठांवरून. आणि खरी भानगड तिथे सुरू झाली.

आपल्याकडे जूनचा पहिला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते, ओढे नंतर वाहतात. तिकडे बर्फ सात-आठ महिने साठतो आणि वसंतात काही दिवसांत वितळतो. तेव्हा खालची जमीन अजून गोठलेली असते, थेंबही पीत नाही. म्हणजे हिवाळाभर साठलेलं पाणी एकदम खाणीतल्या उघड्या मातीवरून धावतं आणि गाळ घेऊन नदीत शिरतं. ग्रेलिंग मासे तिथे गोट्यांमध्ये अंडी घालतात. अंड्यांवर गाळ बसला की त्यांना प्राणवायू मिळत नाही. विषय तसा एवढाच आहे, पण त्या ओढ्यासाठी तो जगण्यामरण्याचा.

१९८० मध्ये अलास्कातल्या अशा २५ खाणींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नदीपात्र उथळ खरवडलं की प्रवाह पसरतो, पातळ होतो आणि मासे डबक्यांत अडकतात, हे त्यात दिसलं. उपाय साधा होता: खाण आणि वाहता प्रवाह यांच्यात न खणलेल्या जमिनीची पट्टी सोडा. कायदा मात्र सावकाश आला. अमेरिकेचा स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ चा, पण वाहून जाणाऱ्या पावसाच्या आणि बर्फाच्या पाण्याकडे त्याने नीट पाहिलं ते १९८७ च्या दुरुस्तीनंतर, आणि त्याचे नियम १९९० मध्ये आले.

मला वाटायचं, एक तळं खणा, पाणी थांबवा, गाळ खाली बसेल, संपलं. मग बीटेकचं विसरलेलं फ्लुइड मेकॅनिक्स आठवलं. शून्य अंशाचं पाणी तीस अंशाच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त दाट वागतं, त्यामुळे गाळाचा बारीक कण निम्म्याहून कमी वेगाने खाली बसतो. शिवाय तळ्यात बर्फ असेल तर पाण्याला जागाच उरत नाही. म्हणजे उबदार प्रदेशातलं डिझाइन तिथे कॉपी-पेस्ट केलं की फसलंच! म्हणून चर, बांध, तळी, सगळं थंडी पडायच्या आत तयार हवं. कापून काढलेलं शेवाळही बाजूला जपून ठेवायचं, काम संपल्यावर परत पांघरायला.

आणि एक गंमत. उत्तरेकडच्या काही जुन्या खाणी इतक्या खोल आहेत की हिवाळ्यातही त्यांच्या तळाचं पाणी गोठत नाही. काही खाणी नंतर मुद्दाम जवळच्या ओढ्यांना जोडल्या. आजूबाजूचे उथळ ओढे तळापर्यंत गोठतात, तेव्हा मासे तिथे हिवाळा काढतात.